आधी पाहा, मग शिकवा



बारावीच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्रात गाजला. डॉक्टर-इंजिनियर होऊ पाहणाऱ्या मुलांच्या शिकवण्यांसाठी आता नांदेडचेही नाव घेतले जाते. मेहनतीची ही सवय चांगलीच आहे. पण तिच्यातील घाई हळूहळू पाळण्यापर्यंत पोहोचू लागली आहे. आम्ही घरभेटीला गेलो की तरुण आईबाप विचारतात, "फादर, मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून ए-बी-सी-डी म्हणत नाही. कुठल्या क्लासला घालावे?" यावर आम्ही उलट विचारतो, "तो दिवसभर काय करतो, हे कधी शांत बसून पाहिले आहे का?" बहुतेक घरांत उत्तर येते, "काय करणार? नुसता पसारा करतो!" आज आपण या पसाऱ्याचाच थोडा अभ्यास करू या.

पाहणाऱ्यांची परंपरा

लहान मुलाकडे पाहून माणूस समजून घेण्याची रीत जुनी आहे. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी 'कन्फेशन्स' हा ग्रंथ लिहिला. स्वतःचे तान्हेपण त्यांना आठवत नव्हते, म्हणून त्यांनी इतर बाळांकडे पाहिले. आपल्याबरोबर दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे एक बाळ कसे फिकट चेहऱ्याने आणि कडवट नजरेने बघते, हे त्यांनी टिपून ठेवले. त्यात त्यांना मत्सर दिसला. आज आपण त्या बाळाची भूक आणि आई दुरावण्याची भीतीही लक्षात घेऊ. पाहणे वेगळे आणि निवाडा करणे वेगळे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा भेद शिकलो, पण त्याची खरी गरज घरातच जास्त पडते.

डॉ. मारिया मॉण्टेसरी या कॅथलिक डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले 'बालगृह' उघडले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळे त्यांच्या खाचांत बसवत होती. तिने ते काम चाळीसहून अधिक वेळा केले. आजूबाजूला गाणी झाली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. लहान मुलांचे लक्ष टिकत नाही, या समजाला तेथे तडा गेला. बाईंनी मुलीला मध्येच थांबवून शिकवले असते, तर हे कधीच कळले नसते.

आपल्या मराठी मुलखातही असे काम झाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने अशा मुलांच्या हाताशी असलेल्या वस्तूच साधने म्हणून वापरल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम आदिवासी वस्तीतील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळण्यात अडकलेली दिसली. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. आधी पाहिले, म्हणूनच अडचण नेमकी कळली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

पसाऱ्यातील पाच कामे

१. टाकणे. दहा महिन्यांचे बाळ वाटी खाली टाकते. तुम्ही उचलून दिली की पुन्हा टाकते. स्विस शास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या तिन्ही मुलांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्यांचा मुलगा लोराँ हात कधी इकडे, कधी तिकडे करून वस्तू सोडून पाहत असे. तो खोडसाळपणा नव्हता, प्रयोग होता.

२. शोधणे. बाळासमोर खेळणे रुमालाखाली झाका. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून ते रुमाल ओढून शोधू लागते. डोळ्यांआड गेलेली वस्तू असतेच, ही समज त्यात दिसते. आई स्वयंपाकघरात गेली की याच वयात रडू वाढते, त्याचे एक कारण हेही आहे. आई कुठेतरी आहे, पण इथे नाही, हे त्याला आता कळते.

३. बोट दाखवणे. वर्षाच्या आसपास मूल चिमणीकडे बोट दाखवते आणि मग तुमच्या तोंडाकडे पाहते. त्याला चिमणी नको असते, तुम्हीही ती पाहावी असे वाटते. बोलण्याची सुरुवात येथेच होते. "हो रे, चिमणी!" एवढे म्हटले तरी ती मोठी शिकवणी आहे.

४. नक्कल. दीड-दोन वर्षांची मुलगी आजीशेजारी बसून रिकाम्या परातीत भाकरी थापते. पीठ नसते, पण भाकरी असते, आणि ती सर्वांना वाढलीही जाते. नसलेली वस्तू मनात धरण्याची ही शक्ती पुढे अक्षरे आणि आकडे समजण्याच्या कामी येते. तिला कणकेचा छोटा गोळा द्या. पेन्सिल धरण्याआधी बोटांत जोर यावा लागतो.

५. चुकीचे बोलणे. तीन वर्षांचे मूल म्हणते, "मी करलं", "बाबा जाला". घरात असे कोणी बोलत नाही, मग हे आले कुठून? 'बसला', 'पडला' ऐकून त्याने स्वतःच नियम शोधला आणि सगळीकडे लावला. हसू नका, रागावू नका. "हो, तू केलंस!" असे बरोबर रूप सहज म्हणा.

घाई नको, दुर्लक्षही नको

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले नाही, म्हणून आई काळजीत पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निरोगी मुले साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराशिवाय चालू लागली. शंभरातील सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. तेव्हा तुलना नको.

मात्र "त्याचे वडीलही उशिराच बोलले" असे म्हणून वर्षे घालवणेही बरे नाही. मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, वर्षाचे होऊनही हातवारे वा बडबड करत नसेल, अठरा महिन्यांनंतर चालत नसेल, दोन वर्षांनंतर दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकण्याची तपासणी करून घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. तुमच्या अंगणवाडी ताईंना पथकाची तारीख विचारा. उसाच्या तोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी आवर्जून विचारावी, कारण नेमकी तीच मुले तपासणीतून निसटतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मदत जितकी लवकर मिळेल, तितका तिचा उपयोग अधिक.

या आठवड्यात घरी करा

- रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसा. टीव्ही बंद, मोबाइल दूर. शिकवू नका, फक्त पाहा.
- डबे, झाकणे, वाट्या, कापडाचे तुकडे खेळायला द्या. शेंगदाणे, हरभरे, मणी, नाणी देऊ नका. ती घशात अडकतात.
- वहीत दिसले तेवढेच लिहा. 'हट्टी आहे' असे लिहू नका. 'तीनदा डबा उघडायला गेला, झाकण निघाले नाही, मग रडला' असे लिहा. दुसरे वाक्य वाचले की काय करावे ते आपोआप सुचते: झाकण थोडे सैल करून द्यावे.
- आजी-आजोबांनाही विचारा. दिवसभर मूल त्यांच्याजवळ असते. त्यांनी पुष्कळ पाहिलेले असते, पण त्यांना कोणी विचारत नाही.

ज्यांच्या घरी लहान मूल नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. रविवारी मिस्साच्या वेळी एखादे बाळ बाकाखालून रांगत तुमच्या पायाशी येईल. त्याच्या आईकडे रागाने पाहू नका. ते बाळ काय शोधते आहे, तेवढे पाहा आणि मिस्सानंतर तिला ते सांगा. पुढच्या रविवारी आपापल्या वह्या घेऊन या; मिस्सानंतर आपण त्या एकत्र बसून वाचू.