शेर मापाचा की वजनाचा?

मल्हारगंजातील जुन्या मराठी घरांतून आजी-पणजीची पाककृतींची वही अजून जपून ठेवलेली आढळते. मुरांब्याच्या पानावर "शेरभर फोडींस शेरभर साखर" एवढेच लिहिलेले. ते वाचून आजची सूनबाई दोन्ही जिन्नस काट्यावर घालते, आणि पावसाळा सरण्यापूर्वी बरणीत बुरशी दिसू लागते. मग दोष कैरीला देतात, बरणीला देतात. पुष्कळदा तो 'शेर' या शब्दात असतो.

महाराष्ट्रात धान्य मापून घेत. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. हा शेर म्हणजे भांडे. उलट इकडे उत्तरेच्या रीतीने शेर म्हणजे वजन, ८० तोळ्यांचे, आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. होळकरशाहीत दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांनी वही तिकडची आणली आणि बाजार इकडचा केला! पुढे १९५६ च्या कायद्यान्वये १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले. व्यवहारातून दोन्ही शेर गेले, वहीतले राहिले.

वहीतला शेर कोणता, हे शेजारच्या पानांवरून ओळखावे. तेथे मापटे, चिपटे असेल तर तो बहुधा भांड्याचा. तोळे, छटाक असेल तर वजनाचा. पावशेर व अच्छेर यांवरून मात्र काहीच कळत नाही, कारण ते दोहोंकडे चालत.

आता फरक किती पडतो ते पाहू. २०० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम मावते, साखर सुमारे १७० ग्रॅम, पण आंब्याच्या फोडी १४० ग्रॅमच्या आसपास. फोड पाण्याहून हलकी असते असे नव्हे. फोडींमधल्या फटींत हवा असते, वाटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणून वाटीस वाटी घेतली तर किलोभर फोडींस सुमारे १ किलो २०० ग्रॅम साखर पडते. तेच प्रमाण तराजूवर धरले तर २०० ग्रॅम कमी. तयार मुरांब्यात सुमारे दोन तृतीयांश साखर असावी, तरच तो टिकतो. पाक अधिक आटवून ही तूट भरता येते, पण मुरांबा तेवढा कमी उतरतो, हे काटकसरीच्या गृहिणीस सांगावयास नको.

प्रत्येक घरची वाटी निराळी, फोड निराळी. तेव्हा आपले कोष्टक आपणच करावे. रिकामी वाटी तोलावी, मग पाण्याने काठोकाठ भरून तोलावी. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर ती वाटी. पाणी ओतून, वाटी पुसून, फोडी न दाबता भरून पुन्हा तोलावी. फोडींच्या वजनास पाण्याच्या वजनाने भागावे. १४० भागिले २०० म्हणजे ०.७, हा त्या फोडींचा गुणक. मिलिलिटरला गुणकाने गुणिले की ग्रॅम. ग्रॅमला भागिले की मिलिलिटर. किलोभर फोडी म्हणजे सुमारे १४३० मिलिलिटर, त्या वाटीने सात वाट्यांहून किंचित अधिक.

किसाचा गुणक वेगळा काढावा, आणि कीस दाबलेला की सैल हेही लिहावे. दाबल्याने आकडा फार बदलतो. गाळलेल्या आमरसात फटी नसतात, म्हणून तो पाण्याहून थोडा जडच भरतो. जाम, म्हणजे आपला पेरू, याच्या फोडी शक्य तितक्या एकाच आकाराच्या कराव्यात. सीताफळ मात्र सबंध कधीच तोलू नये. साल व बिया जाऊन गर निम्म्याच्या आसपास उरतो, तोच तोलावा.