शनिवार-रविवारचा थेरपिस्ट

बारावीचा निकाल लागला की सल्ल्यासाठी पालकांचे फोन सुरू होतात. पूर्वी प्रश्न एकच असे: नीटमध्ये मार्क कमी पडले, आता काय? हल्ली त्याला शेपूट फुटलं आहे. मुलीची चित्रकला चांगली आहे, ती माणसांशी गोड बोलते. मग आर्ट थेरपीचा ऑनलाइन कोर्स केला तर? मोबाइलवरची जाहिरात दादरला पोचते तशी जव्हारलाही पोचते.

उत्तर स्पष्ट आहे. चार-सहा शनिवार-रविवारांच्या प्रमाणपत्रावर कोणी थेरपिस्ट होत नाही.

चित्र काढून मन हलकं होतं, हे खरंच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले आणि मातीवर चित्रं काढून व्यक्त होऊ लागले, असं सांगतात. 2011 मध्ये ते पद्मश्री झाले. पण त्यांच्यासमोर कोणी थेरपिस्ट बसला नव्हता. ती कला होती. उपचार म्हणून 'आर्ट थेरपी' हा शब्द 1942 मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी वापरात आणला, तो क्षयरोग्यांच्या आरोग्यधामातल्या अनुभवावरून.

उपचारात नेमकं काय घडतं? मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पोरं आश्रमशाळेत राहतात. समजा, त्यातला एखादा मुलगा गप्प-गप्प आहे. थेरपिस्ट त्याच्यापुढे कागद, खडू, ओली माती ठेवते. त्यानं काळं घर काढलं, तर 'काळा म्हणजे दुःख' असा निकाल ती देत नाही. 'या घरात आत्ता कोण आहे?' एवढंच विचारते आणि थांबते. कागद भिंतीवर लागत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. हे सगळं शनिवार-रविवारी शिकवलं जातं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलं मूल अशा थेरपिस्टपुढे बसवून पाहावं.

आणि एक. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढतात तो चौक काय किंवा बोहाडा उत्सवातले मुखवटे काय, या देवाधर्माच्या गोष्टी आहेत. शहरातून येऊन त्यांची 'ॲक्टिव्हिटी' करणाऱ्यांना ते कळत नाही. जव्हार-मोखाड्यातल्या मुलीला कळतं. वारली किंवा कोकणा बोली घरात ऐकलेली, भगताकडे आधी का जातात हे जाणणारी मुलगी रीतसर शिकली, तर तिच्यापुढे गावातली बाई तोंड उघडेल. या वाटेकडे मात्र कोणाचं लक्ष नाही.

वाट सरळ आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. पुढे मानसशास्त्रात पदवी, मग समुपदेशनात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू., आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी हवी. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत कला आणि नृत्य-हालचाल थेरपिस्टही आले आहेत. म्हणजे 'कोण विचारतंय' हे दिवस संपत आलेत. आर्ट थेरपी शिकायची ती या पायावर.

इथे घरचे आडवे येतात. पोलीस भरती, नर्सिंग, अनुसूचित क्षेत्रातली पेसा भरती यांपलीकडचं काही काढलं की 'वेड्यांची डॉक्टर होणार का?' हा टोमणा ठरलेला. भरतीत वाईट काही नाही. पण धावण्याचा कंटाळा असलेल्या पोरीला तीन-तीन वर्षं मैदानात पळवायचं आणि ती रात्री झोपत नाही म्हणून शेवटी समुपदेशकाकडे आणायचं, हा उफराटा कारभार आहे. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हेही पालकांना आधीच सांगायला हवं. पैशांची अडचण असेल तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. चौकशी जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी, आणि ती प्रवेशाच्या आधी.