पाइप का तुंबला?

स्वयंपाकघरातील सिंकचा पाइप तुंबला, की काही लोक घाईने त्यात तीव्र रसायन ओततात. त्यामुळे कोणता धोका निर्माण होतो आणि साध्या उपायांनी पाइप कसा मोकळा करता येतो, हे या पाठात सांगितले आहे.

बकरी ईदचा दुसरा दिवस होता. मालेगावात आरिफच्या घरी आलेले पाहुणे नुकतेच जेवून गेले होते. आरिफची धाकटी बहीण सलमा भांडी घासत होती. एवढ्यात सिंकमधले पाणी वर आले. ते काही केल्या खाली जाईना.

"अम्मी, पाणी तुंबले!" सलमा ओरडली.

आरिफ नववीत शिकत होता. तो धावत दुकानात गेला आणि पाइप साफ करण्याच्या पावडरीचे पाकीट घेऊन आला. तो पाकीट फाडणार, इतक्यात शेजारचे रशीदचाचा आले. ते नळजोडणीची कामे करत.

"बेटा, ते पाकीट आधी खाली ठेव," चाचा म्हणाले.

"का चाचा? पाच मिनिटांत काम होईल."

चाचांनी बाही वर केली. त्यांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता.

"एका घरी अशीच पावडर टाकली होती. पाइप मोकळा झाला नाही, म्हणून मला बोलावले. पण पावडरीविषयी कोणी सांगितले नाही. मी पाइप उघडला आणि ते पाणी हातावर पडले. डोळे वाचले, ही अल्लाची मेहरबानी!"

आरिफ गप्प झाला.

चाचा पुढे म्हणाले, "अशा पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडताच तो खूप तापतो. त्याने कातडी भाजते, डोळेही जाऊ शकतात. ॲसिडही तितकेच घातक. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली, तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो."

"मग खाण्याचा सोडा आणि सिरका टाकू का?" सलमाने विचारले.

"त्याने फेस येतो, पण घट्ट बसलेला गोळा निघत नाही. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे!"

चाचांनी लाकडी दांड्याचा रबरी पंप आणला. रबर बुडेल एवढेच पाणी सिंकमध्ये ठेवले. भोकावर पंप घट्ट बसवून तो वीस वेळा खालीवर दाबला. थोडे पाणी गेले आणि पुन्हा थांबले.

मग चाचांनी हातमोजे घातले. सिंकखाली बादली ठेवली आणि वाकडा पाइप फिरवून सोडवला. आतून चरबीचा पांढरा गोळा निघाला. त्यात भाताची शिते आणि चहाचा चोथा होता. आरिफने जुन्या ब्रशने पाइप स्वच्छ केला.

"हा पाइप वाकडा का असतो?" त्याने विचारले.

"त्या वाकात थोडे पाणी साचून राहते. म्हणून गटारातील दुर्गंधी घरात येत नाही."

चाचांनी रबरी कडे नीट बसवून पाइप पुन्हा जोडला. साबणाचे गरम पाणी ओतले. ते झरझर खाली गेले. "पाइप प्लॅस्टिकचा आहे. त्यात उकळते पाणी ओतू नका," चाचांनी बजावले.

"पण इतकी चरबी आली कोठून?" अम्मीने विचारले.

"गरम रश्शातली चरबी पातळ असते. पाइपात ती थंड होऊन गोठते. मग तिला खरकटे चिकटते."

"म्हणजे पाइप आम्हीच तुंबवला!" आरिफ म्हणाला.

त्या दिवसापासून अम्मीने सिंकजवळ एक रिकामा डबा ठेवला. उरलेली चरबी आणि खरकटे त्यात जाऊ लागले. सिंकच्या भोकावर जाळी बसली. आरिफ न फोडलेले पाकीट परत करायला गेला. दुकानदाराने कारण विचारले, तेव्हा त्याने चाचांच्या हाताची हकीकत सांगितली.

शब्दार्थ
तुंबणे – अडून साचणे
घातक – धोकादायक
दुर्गंधी – घाण वास
खरकटे – ताटात उरलेले अन्न
बजावणे – ठासून सांगणे

स्वाध्याय
१. रशीदचाचांचा हात कसा भाजला?
२. सिंकखालील पाइप वाकडा का असतो?
३. तुमच्या घरातील सिंक तुंबू नये म्हणून तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.