आधी वाचा, मग तपासा



“बोलायला पटाईत आहे, पण लिहायला बसवलं की रडतो!” पालकसभेनंतर ही तक्रार कुणी ना कुणी करतंच. मला मात्र ती ऐकून बरं वाटतं. जे मूल भरभरून बोलतं, त्याच्याकडे लिहिण्याचं भांडवल जमा झालेलं असतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातलं एकेक प्रकरण म्हणजे श्यामने एकेका रात्री सांगितलेली आठवण. आधी सांगणं, मग लिहिणं. मुलांचाही क्रम हाच असतो.

तुम्ही वाणसामानाची यादी करायला बसलात की अडीच-तीन वर्षांचं पोर शेजारी कागद घेऊन बसतं, नागमोडी रेघा ओढतं आणि “दूध, बिस्किट, बाबांचा साबण” असं वाचूनही दाखवतं. कागदावरच्या खुणांना अर्थ असतो हे त्याला उमगलेलं असतं. लेखनाची सुरुवात इथेच होते. लगेच हात धरून ‘अ’ गिरवून घेऊ नका. माती, कणीक, जाड खडू यांच्याशी खेळून आधी बोटं तयार होऊ द्या. मुलाने चित्र काढलं की “याची गोष्ट सांग ना” म्हणा आणि ते सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत, चित्राखाली लिहून ठेवा.

मग पहिली-दुसरीत कधीतरी अशी चिठ्ठी हातात पडते : ‘आजि तु कदि यनार’. आपण लगेच लाल पेन शोधतो. पण जरा नीट पाहा. चारही शब्द सुटे लिहिलेत. बहुतेक आवाज मुलाने कान देऊन ओळखलेत आणि त्यांची अक्षरं स्वतः शोधलीत. ‘ध’चा ‘द’ झाला, ‘ण’चा ‘न’ झाला, एक मात्रा राहिली, ऱ्हस्व-दीर्घ हुकलं. ते वाचनाने आणि सरावाने जागेवर येईल. ती चिठ्ठी आधी आजीला पाठवा, आजीचं उत्तर येऊ द्या. मग एखादा शब्द दाखवा : “‘कधी’ असं लिहितात बघ.” एका वेळी एकच. शुद्धलेखन हवंच, पण लिहायची हौस मारून नको.

तिसरी-चौथीत निबंध येतो, आणि पाठोपाठ गाइड. ‘माझा आवडता ऋतू’ म्हटलं की वर्गातल्या निम्म्या वह्यांत तोच मोर नाचतो. तुम्ही घरी एवढंच विचारा, “परवाच्या पावसात काय झालं होतं?” दप्तर भिजलं, वीज गेली, मोरीत बेडूक निघाला... “हेच लिही.” गुण दोन कमी पडले तरी चालतील, ते पान त्याचं स्वतःचं असेल.

मोठ्या वर्गांत खाडाखोड वाढते. तिला गचाळपणा म्हणू नका. ॲन फ्रँकला १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली. दोन वर्षांनी, रोजनिशीचं पुस्तक व्हावं म्हणून, तिने तीच पुन्हा लिहायला घेतली. लिहिलेलं बदलावंसं वाटणं ही वाढीचीच खूण आहे. आणि हो, मुलांची रोजनिशी त्यांना न विचारता उघडू नका. एकदा विश्वास उडाला की मूल खरं लिहायचं सोडून देतं.

या सगळ्यासाठी वेगळा क्लास लागत नाही. झोपताना दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघतंय, ते घरात येऊ द्या. मुलाला परीक्षक शाळेत भेटणारच आहेत. वाचक मात्र घरात भेटायला हवा.

तेव्हा आज मुलाची वही मागून घ्या, हातात पेन न घेता शेवटपर्यंत वाचा आणि त्यातलं काय आवडलं ते त्याला सांगा.