शिसं जळत नाही

आमच्या घरामागच्या जागेत पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चाले. माती तपासली तर शिसं निघालं. मोहरी आणि सूर्यफूल जमिनीतले जड धातू शोषतात, असं वाचून मी दोन्ही पेरली. पीक जोमानं आलं. वाळलेली खोडं सासूबाईंनी बंबात घातली. राख वांग्यांवर मावा पडला म्हणून धुरळली, उरलेली भांड्यांना लावली. मी अडवलं नाही. जळालं म्हणजे संपलं, असंच मलाही वाटत होतं.

पुढच्या वर्षी वांग्याच्या वाफ्यातली माती तपासली. तिथेही शिसं! जिथे ते कधी नव्हतं, तिथे आम्हीच नेऊन टाकलं होतं. मुलांच्या रक्तातली शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. धाकटीचा अहवाल हाती येईपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

झाड धातू नाहीसा करत नाही, मातीतून उचलून आपल्या अंगात ठेवतं. ते कुजवलं तर धातू खतात उरतो, जाळलं तर राखेत. कॅडमियमसारखा धातू धुरातूनही जातो. गुरांना घातलं तर दुधात उतरू शकतो.

म्हणून सांगते. बी धरण्याआधी झाडं उपटा, नाहीतर पाखरं दाणे खातात आणि गळालेली पानं पुन्हा मातीत मिसळतात. नुसतं कापू नका, मुळासकट काढा. शिसं बहुतांशी मुळांतच साठतं. धूळ उडू नये म्हणून माती आधी ओलसर करा, हातमोजे आणि मास्क घाला. मुळांची माती त्याच जागी झटका. झाडं छपराखाली ताडपत्रीवर वाळवा; पाणी उडून गेलं की ओझं पुष्कळ घटतं. मग जाड पिशव्यांत भरून, तोंड बांधून, वर ठळक चिठ्ठी लावा. पिशव्या मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्यात ठेवू नका, घंटागाडीतही देऊ नका. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात विचारा. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत.

वांग्याच्या वाफ्यातही आता मोहरीच पेरावी लागते. यंदा मात्र बी आणण्याआधी पिशव्या कुठे जाणार, हे विचारून आले.