१२० पेक्षा १०२ मोठा कसा?

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ राहतो. शेजारच्या आजोबांनी घर आवरताना त्यांचं जुनं पिनबॉल यंत्र आम्हाला देऊन टाकलं. मुलगा खूश, पण यंत्र सुरू केलं की एक कॉइल ‘खट्’ करून ओढली जाते आणि सुटतच नाही. अर्ध्या मिनिटात जळका वास येतो. मीटरने तपासलं तर बोर्डावरचा टीआयपी १२० हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय. आता त्याच्या जागी टीआयपी १०२ लावा असं जो तो सांगतो. १२० च्या जागी १२२ चालेल हे एक वेळ पटतं. पण १०२? तो तर लहान ना? नंबर बघून ट्रान्झिस्टर निवडायचा तरी कसा?

उत्तर : नंबर बघून निवडायचाच नाही, हे अर्धं उत्तर. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं आत शिरावं लागेल.

ज्यांनी पिनबॉल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी एक ओळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत खिळे ठोकलेल्या लाकडी पाटावर छर्रे उडवत आपण जो बॅगाटेल खेळायचो, त्याचंच हे विजेवर चालणारं अमेरिकन भावंड. खिळ्यांच्या जागी चेंडूला लाथाडणारे बंपर आले, आणि प्रत्येक लाथेमागे एक कॉइल, म्हणजे विजेचा प्रवाह मिळाला की लोखंडी दांडा आत खेचणारं तारेचं रीळ.

तुम्ही यंत्राचं नाव कळवलेलं नाही, पण टीआयपी १२० म्हणता त्याअर्थी ते शिकागोच्याच विल्यम्स कंपनीचं, १९७७ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं असावं. १९८० सालचं ‘फायरपॉवर’ याच घराण्यातलं. या यंत्रांत कॉइलच्या एका टोकाला सुमारे २८ व्होल्ट कायम येऊन थांबलेले असतात. ट्रान्झिस्टर बसतो तो दुसऱ्या टोकाला, जमिनीकडच्या वाटेवर. पाणी पाइपात भरलेलंच आहे, तोटी शेवटी आहे, असं समजा. ट्रान्झिस्टर शॉर्ट होणं म्हणजे तोटीचा आटा जाणं. मग कॉम्प्युटरने हुकूम दिला काय अन् न दिला काय, यंत्राला वीज मिळाली की कॉइल ओढलेलीच. क्षणभराच्या कामासाठी केलेली कॉइल अर्धा मिनिट ओढून धरली की तिच्या तारेवरचं वॉर्निश जळतं. तुम्हाला आलेला वास त्याचाच.

आता नंबराचं. इलेक्ट्रॉनिक्समधले बरेचसे क्रमांक शाळेच्या हजेरीपटावरच्या क्रमांकांसारखे असतात. ४२ नंबरचा मुलगा १२ नंबरच्यापेक्षा उंच असतो असं थोडंच आहे? १०० आणि १२० ही टीआयपी मालिकेतली दोन वेगळी कुटुंबं. कुटुंबाच्या आत मात्र शिस्त आहे. टीआयपी १२० साठ व्होल्टचा, १२१ ऐंशीचा, १२२ शंभरचा, आणि तिघेही ५ अँपिअरचे. टीआयपी १०२ सुद्धा शंभर व्होल्टचाच, पण ८ अँपिअरचा. म्हणजे नंबर लहान, छाती मोठी.

हे तीन अँपिअर जास्तीचे कशाला, ते गणित करून पाहण्यासारखं आहे. त्या काळातल्या दणकट कॉइलचा रोध साधारण ४ ओहम असतो. २८ भागिले ४, म्हणजे ७ अँपिअर. टीआयपी १२० ची कायम वाहण्याची मर्यादा ५! तरीही तो इतकी वर्षं टिकला, कारण क्षणभराच्या धक्क्यासाठी त्याला ८ अँपिअरपर्यंत मुभा आहे, आणि निरोगी यंत्रात प्रत्येक धक्का सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरता असतो. टीआयपी १०२ ला हीच मुभा १५ अँपिअरची. मूळ माप अंगाला घट्ट बसत होतं, लोक एक माप मोठं सुचवताहेत, एवढंच. दुकानात १२२ च मिळाला तर बिनधास्त लावा. व्होल्टची ऐपत वाढेल, अँपिअरची तेवढीच राहील.

डेटाशीटवरचे ६५ किंवा ८० वॅट वाचून मात्र भुलू नका. ते आकडे मागे भलामोठा हीटसिंक धरून दिलेले असतात. तुमच्या बोर्डावर ट्रान्झिस्टर नुसतेच उभे आहेत, आणि तसे उभे असताना त्यांना जेमतेम २ वॅटची उष्णता सोसते. कॉइल सलग ओढलेली राहिली तर १०२ देखील मरेल, जरा उशिरा मरेल इतकंच.

मग अँपिअर जास्त तो चांगला म्हणून १५ अँपिअरचा टू एन ३०५५ का लावू नये? आमच्या पिढीच्या प्रत्येक ॲम्प्लिफायरवाल्याकडे तो डबाभर असायचा, आणि त्याच्यावर माझा फार जीव आहे. पण इथे नको. टीआयपी १२० आणि १०२ हे डार्लिंग्टन जातीचे आहेत. बेल लॅब्जच्या सिडनी डार्लिंग्टन यांना १९५३ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं तीच ही : एका आवरणात दोन ट्रान्झिस्टर, पहिला दुसऱ्याला ढोसतो. त्यामुळे ३ अँपिअर वाहवायला त्यांना ३ मिलिअँपिअरचा इशारा पुरतो. साध्या जातीच्या पॉवर ट्रान्झिस्टरला त्याच कामासाठी शे-दीडशे मिलिअँपिअर लागू शकतात, आणि मागचं सर्किट तेवढे देत नाही. तो अर्धवट उघडेल, तापेल आणि जाईल. मोठ्ठा असूनही.

जातीइतकीच दिशा महत्त्वाची. टीआयपी १०२ एनपीएन आहे. त्याचा जुळा टीआयपी १०७ दिसायला हुबेहूब, आकड्यांनी तोच, पण पीएनपी; म्हणजे त्यातला प्रवाह उलट्या दिशेचा. विल्यम्सच्याच १९९० नंतरच्या यंत्रांत हे दोघे एकाच बोर्डावर भेटतात, शिवाय जबरदस्त कॉइलसाठी टीआयपी ३६सी हा २५ अँपिअरचा पीएनपी पहिलवानही असतो. त्या बोर्डांवर काम करताना चष्मा लावावा. मॉसफेट या आणखी वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचं म्हणाल तर पुढे सेगा आणि स्टर्न या कंपन्यांनी तेच वापरले, पण तुमचा बोर्ड त्यांच्यासाठी आखलेला नाही. तीन पाय त्याच भोकांत बसतात हे काही कारण नव्हे.

टीआयपीच्या मागे त्याला इशारा देणारा एक चिमुकला ट्रान्झिस्टर आहे, टू एन ४४०१. मोठा शॉर्ट होऊन मरतो तेव्हा धाकट्यालाही बरेचदा घेऊन जातो. चार आण्यांची वस्तू. मीटरवर तो ठीक दिसला तरी बदला. इथे एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलेलो आहे. घरातल्या डबीत बीसी ३३७ पडलेला असतो, कागदावर तो ४४०१ च्या जवळचाच. पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ४४०१ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. आणि बीसी ३३७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. नेमके उलटे! माझा एक सबंध रविवार या उलट्या पायांनी खाल्ला होता. दोघे बदलूनही कॉइल सुटली नाही, तर त्यांच्याही मागची ७४०८ चिप तपासा.

पण हे सगळं नंतर. आधी तो ट्रान्झिस्टर मेला का, ते शोधा. तो आपल्या मरणाने क्वचितच मरतो.

पहिला संशयित कॉइलवरचा डायोड, वन एन ४००४. कॉइलचा प्रवाह तोडला की तिच्यात साठलेली ऊर्जा उसळी मारते. डायोड जागेवर असेल तर ती कॉइलमध्येच फिरून विरते. त्याचा एक पाय तुटला असेल, आणि वर्षानुवर्षं हादरे खाऊन तो तुटतोच, तर शेकडो व्होल्टची ती उसळी थेट ट्रान्झिस्टरवर. तिथे साठ काय आणि शंभर काय. नवा डायोड लावताना पट्ट्याची बाजू वीज येते त्या टोकाकडे ठेवा. उलटा लावलात तर पहिल्याच धक्क्याला नवा ट्रान्झिस्टर वारेल.

दुसरी संशयित खुद्द कॉइल. वॉर्निश जळून वेटोळी आपसात चिकटली की रोध घसरतो. ४ ओहमच्या जागी २ भरले तर १४ अँपिअर वाहतील. तेव्हा यंत्राची पिन भिंतीतून काढा, कॉइलची एक वायर सुटी करा आणि मोजा. फ्यूज वाचवेल असं समजू नका. तो साऱ्या कॉइलींना मिळून एकच असतो आणि सावकाश उडणाऱ्या जातीचा. एकटी कॉइल जळत असते आणि तो स्वस्थ असतो.

जुना ट्रान्झिस्टर उपटू नका. आधी पाय कापा, मग एकेक पाय गरम करून काढा, नाहीतर भोकातलं तांबंही त्याच्याबरोबर निघून येतं. नवा बसवल्यावर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून काळी पिन त्याच्या पत्र्याला आणि लाल पिन बाहेरच्या दोन्ही पायांना आळीपाळीने लावा. ०.४ ते ०.६ च्या आसपास आलं की ठीक. शून्य आलं की शॉर्ट. हीच परीक्षा शेजारच्या सगळ्या टीआयपींची घेऊन टाका, बोर्ड बाहेर आलेलाच आहे. आणि खरेदी नावाजलेल्या वितरकाकडूनच करा. अती स्वस्त पाकिटांत भलत्याच ट्रान्झिस्टरवर हवा तो नंबर छापून विकण्याचा धंदा जोरात आहे.

कॉइल बदलायची वेळ आलीच, तर तिच्या अंगावरचा कागद जपून सोडवा. त्यावर २३-८५० असं काही असेल. हा मात्र हजेरीपटाचा नंबर नाही : २३ गेजची तार, ८५० वेढे. कागद जळून गेला असेल तर यंत्राच्या पुस्तिकेतला कॉइलचा तक्ता पाहा.