वाचनाचं तिकीट बारा पौंड, बाकीचा खर्च वेगळा

ब्रिटनमधल्या गे-लेस्बियन साहित्य महोत्सवाला जायचं ठरलं की जो तो आधी तिकिटाचं विचारतो. त्याचं उत्तर एका ओळीत संपतं. तासाभराच्या वाचनाला किंवा परिसंवादाला साधारण ८ ते १५ पौंड, दोन-तीन तासांच्या लेखन कार्यशाळेला २५ ते ५०, आणि ऑनलाइन काढलंत तर वर एक-दोन पौंड बुकिंग शुल्क. लंडनमध्ये दोघांनी पिक्चर पाहून बाहेर जेवायचं म्हटलं तरी याहून जास्त जातात. खिसा रिकामा होतो तो रेल्वेत आणि हॉटेलात, आणि त्यातही सगळं ऐनवेळी ठरवल्यामुळे.

आधी कुठे काय असतं ते पाहू. निव्वळ साहित्याचा म्हणावा असा महोत्सव ब्रायटनचा, 'द कोस्ट इज क्वीअर'. 'न्यू रायटिंग साउथ' आणि 'मार्लबरो प्रॉडक्शन्स' या दोन संस्था तो भरवतात. गेल्या काही वर्षांत तो ऑक्टोबरात होत आलाय आणि वाचनं, मुलाखती, कार्यशाळा असं सगळं त्यात असतं. लिव्हरपूलचा 'होमोटोपिया' २००४ पासूनचा, नोव्हेंबरातला, पण तो सर्व कलांचा. साहित्य त्यातला एक भाग. लंडनचा 'जीफेस्ट'ही तसाच, नोव्हेंबरातला, २००७ पासूनचा. त्याचे कलासंचालक निरंजन कामतेकर. कार्यक्रमपत्रिकेवर हे नाव दिसलं की आपल्याला जरा घरच्यासारखं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. आणि 'पोलारी' ही पॉल बर्स्टननी २००७ मध्ये सोहोत सुरू केलेली वाचनाची बैठक. महोत्सवाच्या दिवसांत जमत नसेल, तर अशी एखादी संध्याकाळ गाठणं सगळ्यात स्वस्त.

एक सावधगिरी. हे महोत्सव अनुदानावर आणि चार-दोन माणसांच्या दमावर चालतात. यॉर्कला लेस्बियन आर्ट्स फेस्टिव्हल भरायचा, लेखिकांना ऐकायला देशभरातून बायका यायच्या. आता तो नाही. पोलारीच्या साहित्य पुरस्कारांच्या पहिल्या यादीत २०२५ मध्ये एका लेखकाचं नाव आल्यावरून इतका वाद झाला, की ते पुरस्कार त्या वर्षापुरते थांबवावे लागले. तेव्हा गेल्या वर्षी होता म्हणून यंदाही असेलच, असं धरून विमानाचं तिकीट काढू नका. तारखा आणि कार्यक्रमपत्रिका दोन्ही जाहीर होऊ द्यात.

आता ब्रायटनचाच हिशोब मांडू, कारण लंडन, हॅरो, स्लाव, रेडिंग इथल्या मराठी मंडळींना निव्वळ साहित्याचा असा तोच जवळचा. कार्यक्रम होतात ते ससेक्स विद्यापीठाच्या आवारातल्या अॅटनबरो सेंटरमध्ये. हे ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर नाही; गावाबाहेर फॉल्मर नावाचं स्टेशन आहे, तिथे. ब्रायटनहून लुइसच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने दहा मिनिटांच्या आत पोचता, किंवा गावातून २५ नंबरची बस पकडा. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून बसच्या एका फेरीला जास्तीत जास्त ३ पौंड आहेत, म्हणून टॅक्सीच्या भानगडीत पडायचं काही कारण नाही. 'ब्रायटनचा महोत्सव' म्हणून कुणी समुद्रासमोर चढ्या भावाची खोली घेतं आणि मग रोज तिथून उलटं ये-जा करत बसतं. समुद्र बघायचा असेल तर जरूर घ्या, पण तो खर्च समुद्राच्या नावावर टाका, साहित्याच्या नको.

फॉल्मरची दुसरी गंमत म्हणजे स्टेशनाला अगदी लागून ब्रायटनच्या फुटबॉल संघाचं मैदान आहे. घरच्या मैदानावर मॅच असली की तीसेक हजार माणसं तेवढ्याशा फलाटावरून ये-जा करतात. स्टेशनाबाहेर कठडे लावून रांगा धरलेल्या असतात, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. हातात पुस्तकांची पिशवी घेऊन त्या निळ्या-पांढऱ्या गर्दीत उभं राहायचं नसेल, तर शनिवारचं तिकीट काढण्याआधी मॅचचं वेळापत्रक बघा. मॅच सुटण्याआधी तासभर निघा किंवा सरळ शेवटच्या कार्यक्रमापर्यंत थांबा.

रेल्वेचं गणित असं की लंडन–ब्रायटन हा प्रवास तासाभराचा, पण आधी काढलेलं तिकीट आणि ऐनवेळचं तिकीट यांत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. कोणत्याही गाडीला चालणाऱ्या तिकिटापेक्षा एकाच कंपनीच्या गाडीला चालणारं तिकीट सहसा स्वस्त असतं. घाई नसेल तर तेच घ्या. रेलकार्ड ३५ पौंडांना मिळतं आणि वर्षभर भाड्यातला एक तृतीयांश वाचतो. 'टू टुगेदर' कार्डावर दोन ठरावीक माणसं एकत्र फिरली की दोघांनाही सवलत मिळते. दोघं जोडपंच असायला हवीत असं कुठेही लिहिलेलं नाही: आई आणि मुलगी चालते, दोन मैत्रिणी चालतात. फक्त कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत ते वापरता येत नाही. तिघे ते नऊ जण असाल तर 'ग्रुपसेव्ह' घ्या, त्याला कार्डसुद्धा लागत नाही. रविवारी या मार्गावर रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते. रविवारची दहाची कार्यशाळा घेण्याआधी हे तपासा, नाहीतर ४० पौंडांची कार्यशाळा हेवर्ड्स हीथच्या बसथांब्यावर उभ्याउभ्याच संपायची.

म्हणजे एका माणसाचा एक दिवस: दोन वाचनं आणि एक कार्यशाळा साधारण ६० पौंड, रेल्वे २० ते ३५, बस ६, खाणं १०. शंभराच्या आसपास आटोपतं. डबा नेलात तर खाण्याचे वाचतात. आवारात बसून पोळी-भाजी खाताना कुणी वळून बघत नाही. डबा नसेल तर स्टेशनवरच्या सुपरमार्केटमधलं चारेक पौंडांचं 'मील डील' हा सर्वमान्य तोडगा आहे. रात्री राहायचं म्हटलंत की शंभराचे दोनशे झाले समजा, कारण ब्रायटनमध्ये शनिवार-रविवारच्या खोल्या महाग. माझं मत विचाराल तर एकच दिवस जा, पण भरगच्च जा.

सवलतींबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण त्या घ्यायला आपली माणसं लाजतात. बऱ्याच कार्यक्रमांना 'जमेल तेवढे द्या' अशी तिकिटं असतात: तेच आसन, तीन वेगवेगळ्या किमती. विद्यार्थी आहात, नोकरी नाही, घरच्यांनी हात आखडता घेतलाय, तर खालची किंमत निवडा. बहुतेक ठिकाणी कुणी पुरावा मागत नाही. ज्यांचा पगार बरा आहे ते वरची निवडतात, त्यातूनच तुमची भरपाई होते. यात मिंधं होण्यासारखं काही नाही. अपंग व्यक्तीसोबत मदतीला येणाऱ्याला पुष्कळ सभागृहांत मोफत प्रवेश असतो. तो मिळेल का, हे तिकीट काढण्याआधी ईमेलने विचारा. कार्यशाळांसाठी शिष्यवृत्तीच्या जागा असतात आणि त्यांची मुदत महोत्सवाच्या बरीच आधी संपते. त्या जागांसाठी अर्जच पुरेसे येत नाहीत, असंही घडतं.

कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. माणसं किती? बारा-पंधरापर्यंत ठीक, चाळीस असतील तर ते व्याख्यान आहे, आणि व्याख्यानाला पंधरा पौंड पुरे. तुमचं लिखाण कुणी वाचून त्यावर बोलणार आहे का, की नुसते तिथल्या तिथे लिहायचे सराव? आणि मराठीत लिहिलेलं चालेल का? बहुतेक जण 'इंग्रजीत भाषांतर आणा' म्हणतील. कवितेसाठी एक वेगळी वाट आहे. लंडनचं 'पोएट्री ट्रान्स्लेशन सेंटर' हे सारा मॅग्वायर या कवयित्रीने २००४ मध्ये सुरू केलं. तिथल्या कार्यशाळांत सगळे मिळून एका कवितेचं इंग्रजी करतात आणि मूळ भाषा येण्याची अट नसते. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला तिथे खूप शिकायला मिळतं. 'तुमची कथा आमच्या संग्रहात घेतो, छपाईचे एवढे पाठवा' असं कुणी म्हणालं, तर मात्र तो तुमच्या खिशावर डोळा आहे. महोत्सवात भेटलेला माणूस असला तरी.

आणखी वरच्या पायरीचा खर्च म्हणजे निवासी आठवडा. १९६८ पासून चालत आलेली 'आर्व्हन' ही संस्था यॉर्कशरमधल्या लम्ब बँकला, म्हणजे टेड ह्यूज यांच्या एकेकाळच्या घरात, आणि श्रॉपशरमधल्या द हर्स्टला असे अभ्यासक्रम घेते. त्याला कित्येक शेकडे पौंड पडतात. त्यात राहणं, जेवण, दोन लेखकांचं मार्गदर्शन सगळं आलं. रात्रीचा स्वयंपाक शिबिरार्थींनी पाळीपाळीने करायची तिथली जुनी रीत आहे. उत्पन्न कमी असेल तर संस्था मदतही देते. हस्तलिखित अर्ध्यावर आलेलं असेल तरच हा खर्च करा. 'लिहावं की नाही' हे ठरवायला जाण्याची ही जागा नव्हे, त्याला चाळीस पौंडांची दुपार पुरते.

काहीच खर्च करायचा नसेल तर लंडन भलतंच उदार आहे. मार्चमॉन्ट स्ट्रीटवरचं 'गेज द वर्ड' हे पुस्तकांचं दुकान १९७९ चं. १९८४ मध्ये कस्टम्सने तिथे धाड घालून अमेरिकेहून आलेली पुस्तकं उचलून नेली, संचालकांवर खटला भरला आणि दोन वर्षांनी तो मागे घ्यावा लागला. धाडीच्याच वर्षी संपावरच्या खाणकामगारांसाठी पैसे गोळा करणारी गे-लेस्बियन मंडळी तिथेच जमत. तिथले चर्चागट अनेक दशकं चालत आलेत; जाऊन बसायला पैसे पडत नाहीत. पेपरबॅक दहा-अकरा पौंडांना मिळतं, पुस्तकांवर व्हॅट नाही. ऑनलाइन दोन-तीन पौंड वाचतील, पण ते दुकान तिथे टिकावं असं वाटत असेल तर ते दोन-तीन पौंड तिथेच द्या. किंग्ज क्रॉसजवळचं 'क्वीअर ब्रिटन' संग्रहालय मोफत, बिशप्सगेट इन्स्टिट्यूटमधला वृत्तपत्रीय कात्रणांचा संग्रह मोफत, साउथबँकमधलं राष्ट्रीय कविता ग्रंथालय मोफत. ग्लासगोत विमेन्स लायब्ररी आहे, लेस्बियन अर्काइव्ह तिच्यातच आहे. फेब्रुवारी हा ब्रिटनमध्ये एलजीबीटी इतिहासाचा महिना असतो, त्या वेळी साध्या वॉर्डातल्या ग्रंथालयातही एखादं वाचन असतं.

महाराष्ट्रातून खास यासाठी येणाऱ्यांनी व्हिसा धरावा. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झालं. भरण्याआधी सरकारी आकडा पुन्हा बघा. घाईचा निकाल हवा तर आणखी ५०० पौंड, तेव्हा घाईची वेळच येऊ देऊ नका. महोत्सवाने वाचायला बोलावून मानधन देऊ केलं असेल, तर आगमनापासून ३० दिवसांच्या आत तो कार्यक्रम व्हायला हवा आणि तो निघण्यापूर्वीच ठरलेला हवा. निमंत्रणाचं पत्र अर्जाला जोडा, त्यात मानधन किती हे लिहिलेलं असू द्या. नुसतं ऐकायला येत असाल, तर मात्र एक विचार करा. दिल्लीत शरीफ रांगणेकरांनी 'रेनबो लिट फेस्ट' २०१९ मध्ये सुरू केला. एका ब्रिटिश व्हिसाच्या खर्चात पुणे–दिल्लीचं आधी काढलेलं परतीचं तिकीट निघू शकतं.

काहींना आणखी एक हिशोब करावा लागतो. आपण गे किंवा लेस्बियन आहोत हे घरात सांगितलेलं नसेल तर तिकिटाची पावती घरच्या सामायिक ईमेलवर जाऊ देऊ नका आणि जोडखात्याचं कार्ड वापरू नका. तिकिटावर टोपणनाव चालतं का ते विचारा. वाचनाला ओळखपत्र सहसा कुणी पाहत नाही. फोटो काढले जाणार असल्याची सूचना दाराशी लावलेली असते. 'मला फोटोत घेऊ नका' हे तिथेच सांगा, ते मनावर घेतलं जातं. बाकी या कार्यक्रमांना कुणीही जातं, नवरा-बायकोही जातात. मंडळाच्या ग्रुपवर कुणी विचारलंच, तर 'साहित्य महोत्सवाला चाललेय' यात एक अक्षरही खोटं नाही.

पैसे परत मिळण्याचं सांगायचं तर, ऑनलाइन खरेदीवर १४ दिवसांत माघार घेण्याचा जो हक्क ब्रिटनमध्ये आहे, तो तारीख ठरलेल्या कार्यक्रमाच्या तिकिटाला लागू नाही. आयोजकांनी कार्यक्रम रद्द केला तर तिकिटाचे पैसे येतात, हॉटेलाचे आणि रेल्वेचे नाही. म्हणून खोली रद्द करता येईल अशीच घ्या, चार पौंड जास्त गेले तरी. १०० पौंडांच्या वरची एखादी गोष्ट, म्हणजे निवासी आठवडा वगैरे, क्रेडिट कार्डावरच घ्या. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे आयोजक बुडाला तर बँकेकडे मागता येतं. डेबिट कार्डाला हे कलम नाही. आणि गाडी पंधरा मिनिटांहून जास्त उशिरा पोचली, तर ब्रायटन मार्गावर भाड्याचा काही भाग परत मिळतो. तिकिटाचा फोटो काढून ठेवा आणि २८ दिवसांच्या आत दावा टाका.